रात्रीपुरती खोली

बाजारपेठेतल्या साध्या लॉजच्या काउंटरवर जाड पुठ्ठ्याची एक लांबट वही असते. तिचे रकाने ठरलेले असतात : नाव, वय, पत्ता, कुठून आलात, कुठे जाणार, येण्याचं कारण, सही. कारणाचा रकाना अरुंद असल्यामुळे उत्तरं एका शब्दात उरकतात. धंदा. कोर्ट. लग्न. दर्शन. दवाखाना. परीक्षा. अमळनेरसारख्या तालुक्याच्या गावी वर्षभराच्या अशा नोंदी कुणी सलग वाचल्या, तर गावाचं जे चित्र उभं राहील ते कुठल्याही गौरवग्रंथात सापडणार नाही. गौरवग्रंथात देवळं असतात, गिरणी असते, महाविद्यालय असतं, गावानं जगाला दिलेली माणसं असतात. गावात येऊन एक रात्र राहून गेलेल्यांचा हिशेब तिथं कुणी मांडत नाही. बाजाराचं गाव मात्र त्यांच्याच जाण्यायेण्यावर उभं असतं. म्हणून गावाचं मन किती मोठं आहे हे पाहायचं असेल, तर व्यासपीठावर कुणाला शाल दिली ते पाहू नये. ज्याला गावात कुणी ओळखत नाही अशा माणसाला थोड्या पैशांत किती स्वच्छ आणि किती निर्धास्त खोली मिळते, ते पाहावं. मला हा मुद्दा किरकोळ वाटत नाही.

बाजार दिवसाचा असतो हे खरं, पण व्यवहाराला रात्र लागते. माल उतरायला उशीर होतो, वजनकाट्यावर रांग लागते, ट्रक सकाळी भरायचा ठरतो, पैसे उद्या मिळतील असं आडत्या सांगतो. बोरी नदीच्या काठचं अमळनेर कापूस, दादर ज्वारी आणि तेलबियांच्या पट्ट्यात वाढलं. ताप्ती व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास सुरतेहून इथवर आली, आणि इथून पुढे जळगावकडे जी.आय.पी. रेल्वेची शाखा गेली. दोन कंपन्यांचे रूळ जिथं मिळतात तिथं माणसं थांबतात, चौकशा करतात, एकमेकांचा माल पाहतात. गुजरातचा व्यापारी आणि खानदेशचा कापूस समोरासमोर यायला ही जागा सोयीची होती. आता याच मार्गावरून अहमदाबाद–हावडा एक्स्प्रेस थेट बंगालपर्यंत धावते. मुक्कामाला येणारी माणसं बदलली आहेत. औषध कंपन्यांचे एम.आर. येतात, मृगाच्या आधी बियाणे आणि खतं विकणाऱ्यांचे प्रतिनिधी येतात, जिनिंगचं यंत्र बिघडलं की फिटर येतो, बँकेच्या शाखेत ऑडिटला माणूस येतो, जमिनीच्या दाव्यात साक्षीदार येतो. यातल्या कुणालाही गाव पाहायचं नसतं. काम उरकून निघायचं असतं, आणि ते आजच्या आज उरकत नाही, एवढंच.

अमळनेरच्या बाबतीत या गोष्टीला आणखी खोली आहे, कारण या गावाचं नाव ज्यांच्यामुळे दूरवर गेलं त्यातले कितीतरी जण बाहेरून आलेले होते. साने गुरुजी कोकणातल्या पालगडचे. तत्त्वज्ञान मंदिरात काही काळ काढून ते प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले, आणि १९२४ ते १९३० या वर्षांत तिथल्या छात्रालयातल्या मुलांसाठी त्यांनी जे केलं ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. तत्त्वज्ञान मंदिर स्वतः १९१६ चं. गिरणीमालक प्रताप शेठांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या या संस्थेत बंगालचे कृष्णचंद्र भट्टाचार्य १९३३ मध्ये संचालक म्हणून आले. रासविहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ती अशी माणसं इथं राहून गेली. शंकराचार्यांच्या मायेविषयी आणि कांटच्या ज्ञानाविषयी इंग्रजीतून वाद चालत होते, तेही खानदेशातल्या एका कापसाच्या गावी. पुढे २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांची वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी इथं निघाली. वनस्पती तूप आणि कपड्यांचा साबण करणारी ती कंपनी म्हणजे आजची विप्रो. तिचे समभाग अमळनेरच्या साध्या घरांत कसे पोहोचले आणि त्यांचं पुढे काय झालं, ही गोष्ट गावात आजही चवीनं सांगितली जाते.

यावर कुणी म्हणेल, ही मोठी माणसं काही लॉजवर उतरली नव्हती. त्यांची सोय संस्थेनं, शाळेनं, कारखान्यानं केली. बरोबर आहे, आणि माझं म्हणणं तिथूनच सुरू होतं. संस्था बोलावलेल्या माणसाला ठेवून घेते. तिला त्याचं नाव, काम, योग्यता आधीपासून माहीत असते. न बोलावलेल्याचं काय? प्रेमजींची कंपनी निघाली तेव्हा तिच्या मागोमाग दलाल, बॉयलरचे मिस्त्री, डब्यांचे पुरवठादार आलेच असतील. कुठल्याही कारखान्यामागे येतातच. तत्त्वज्ञान मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून कुणी तरुण विचारायला आला असेल, आणि नकार घेऊन दुसऱ्या दिवशी परतला असेल. त्याची ती रात्र कुठं गेली? गाव ज्यांना निवडतं त्यांच्यामागे गावानं न निवडलेल्यांचा मोठा घोळका असतो. कोण पुढे कामाचा ठरेल हे पहिल्या रात्री कुणाला कळत नाही, म्हणून त्या घोळक्यालाही पाठ टेकायला जागा लागते. ती देण्याचं काम लॉज करतं, आणि ते करताना कुणाची योग्यता विचारत नाही.

सर्वांत भारी आक्षेप वेगळाच आहे, आणि तो प्रेमातून आलेला आहे. खानदेशात पाहुणा लॉजवर उतरला तर घरच्यांना लाज वाटते. ओळखीतल्या ओळखीचा निघाला तरी त्याला घरी नेऊन वरण-बट्टी वाढायची, ही इथली रीत. मुक्कामी एसटी खेड्यात रात्री थांबते तेव्हा चालक-वाहकांना गावातून भाकरी जाते, हेही अनेक गावांनी वर्षानुवर्षं पाळलं. वैशाखात संत सखाराम महाराजांच्या यात्रेला बोरीच्या वाळवंटात माणसांचा पूर लोटतो. त्यांतले बहुतेक नातेवाइकांकडे, वाडीत, नाहीतर दुकानाच्या पालाखालीच झोपतात, आणि कुणी उपाशी राहत नाही. इतकं अगत्य असताना पैसे मोजून खोली घेणं हे नातं तुटल्याचं लक्षण आहे, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. त्या अगत्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्याला कुंपण असतं. तुम्ही कुणाचे कोण, हे ठरल्यावर ते सुरू होतं. धर्मशाळेचंही तसंच. दात्याचं नाव दगडात कोरलेलं असतं आणि कुणी उतरावं, कुणी उतरू नये, हे बहुधा दगडात कोरावं लागत नसे. सगळ्यांना ठाऊक असे.

या कुंपणाची किंमत ज्यांनी मोजली त्यांची साक्ष आपल्याकडे आहे. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातलं शिक्षण घेऊन बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. हिंदू हॉटेलात कुणी घेणार नाही म्हणून ते एका पारशी सराईत पारशी नाव लावून राहिले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढलं. मुंबईची गाडी रात्री होती. मधले तास त्यांनी कामाठी बागेत काढले. दुसरी घटना आपल्या खानदेशातलीच आहे. १९२९ साली अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून ते या भागात आले होते. चाळीसगावच्या लोकांनी एक रात्र मुक्काम करण्याचा आग्रह केला आणि त्यांनी तो मानला. पण स्टेशनवरून महारवाड्यापर्यंत न्यायला एकही टांगेवाला तयार होईना, म्हणून टांगा हाकण्याची सवय नसलेला माणूस बसला, पुलावर टांगा कलंडला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी हे दोन्ही प्रसंग लिहून ठेवले आहेत. गाडगे महाराजांनी पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा बांधली ती याच जखमेवर, आणि १९४९ मध्ये ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला उपोषण केलं ते देवळाच्या दारासाठी होतं. पण देवळाचं दार आणि मुक्कामाचं दार यांत फार अंतर नाही. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा नाव घेऊन उल्लेख आहे, आणि १९५५ च्या अस्पृश्यता अपराध कायद्यात धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना हेही शब्द आले. हे शब्द कायदा करणाऱ्यांना सुचले, कारण रात्री दारातून परत पाठवलेली माणसं त्यांनी पाहिलेली होती.

म्हणून भाड्याच्या खोलीतला रोख व्यवहार मला कोरडा वाटत नाही. पैसे दिले की उपकार संपतो. कुणाच्या घरी उतरलेल्या माणसाला त्यांच्या वेळेला जेवावं लागतं, त्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात. कोर्टातल्या दाव्यासाठी आलेल्याला किंवा दवाखान्यात वाईट बातमी ऐकून आलेल्याला ते झेपतंच असं नाही. दार आतून लावून रात्रभर कुणाशी न बोलण्याचा हक्क श्रीमंताला जन्मतःच असतो. गरिबाला तो विकत घ्यावा लागतो, तेव्हा निदान परवडेल अशा दरात मिळावा.

लॉज तरी सगळ्यांना घेतं का? नाही घेत, आणि हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आधार कार्ड पाहिल्यावर खोली अचानक ‘फुल’ होते. याच गावाचा पत्ता असला तर ‘लोकलला रूम नाही’ असं ऐकवलं जातं. एकट्या बाईकडे शंकेनं पाहतात, लग्नाचा पुरावा मागतात, काही ठिकाणी आडनाव वाचूनच मान हलते. मालकांची बाजूही ऐकली पाहिजे. उद्या काही घडलं तर पोलीस आधी त्यांच्याच दारात येणार, वही तपासणार, पोलीस ठाण्याच्या फेऱ्या मारायला लावणार. लहान माणसाला ते परवडत नाही. तरीही ओळखपत्र पाहणं आणि ओळख पाहून नाकारणं यात फरक आहे. नाव लिहून घेण्याचा नियम सुरक्षेसाठी आहे. कोण राहण्यालायक आहे हे ठरवण्याचा अधिकार त्यातून मालकाला मिळत नाही. घराची आणि धर्मशाळेची जी उणीव आहे तीच लॉजनं उचलली, तर मग त्याच्याजवळ स्वतःचं असं काय उरलं? पैसे देणारा प्रत्येक जण सारखा, ही एकच गोष्ट त्याच्याकडे आहे.

स्वच्छतेविषयी बोलताना आपण फार लवकर नाकं मुरडतो. हजाराच्या आतल्या खोलीत काय असतं, ते नीट पाहावं. लोखंडी नाहीतर सनमायका लावलेला पलंग, त्यावरची चादर, पंखा, भिंतीला खुंट्या, प्लास्टिकची बादली आणि मग्गा, सकाळी ठरावीक वेळेत गरम पाणी. खानदेशच्या वैशाखात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेला असतो, आणि कूलरमध्ये पाणी भरणारा पोऱ्या हाच त्या इमारतीतला सर्वांत महत्त्वाचा माणूस ठरतो. चोवीस तासांचा हिशेब ही या लॉजची जुनी, शहाणी पद्धत आहे. रात्री अकराला आलेल्याला दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला बाहेर काढत नाहीत. मोठ्या हॉटेलांना ही माणुसकी अजून जमलेली नाही. उणिवा आहेत, आणि त्या ठळक आहेत : कडी नीट न लागणारं दार, आधीच्या माणसाच्या वासाची उशी, ओल धरलेली भिंत. पण या उणिवा स्वस्तपणातून येत नाहीत. धुतलेल्या चादरीला आणि घट्ट बसणाऱ्या कडीला फार खर्च येत नाही. लक्ष द्यावं लागतं. इंग्रजी अमदानीत १८६७ साली सराईंसाठी जो कायदा झाला, त्यात खोल्या, ओसऱ्या, विहिरी आणि गटारं साफ ठेवावीत, पहारेकरी नेमावा, दरांचा तक्ता सर्वांना दिसेल असा लावावा, अशा अटी होत्या. दीडशे वर्षांपूर्वी जे मागायला हरकत नव्हती, ते आज मागणं म्हणजे चैन नाही.

आणि सरकारचं लक्ष? ते करापुरतं. दिवसाला हजार रुपयांपेक्षा कमी भाड्याची खोली जीएसटीतून मोकळी होती. १८ जुलै २०२२ पासून तिच्यावर १२ टक्के कर आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या सगळ्या खोल्यांना ५ टक्के लागू झाला, तेव्हा ओझं हलकं झालं हे मान्य. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या लॉजला ही झळ तशीही लागत नाही. मला खटकतं ते वेगळं आहे. सहाशेची खोली आणि सात हजारांची खोली एकाच रेघेत बसवली, की सहाशेच्या खोलीत कोण झोपतो हे दिसेनासं होतं. पूर्वीची हजाराची रेघ निदान त्याच्याकडे बोट दाखवत होती.

काही जण विचारतील, आता मुक्कामाची गरजच काय? धुळं पस्तीस किलोमीटरवर, जळगावही तासा-दीड तासाच्या वाटेवर. रस्ते सुधारले, मोबाइलवर सौदा होतो, माणूस संध्याकाळी घरी. गाडी ज्याच्याकडे आहे त्याच्यासाठी हे खरं आहे. एसटीनं फिरणाऱ्याची शेवटची बस चुकते तेव्हा ते पस्तीस किलोमीटर पहाटेइतके लांब होतात. शिवाय गरज उलट्या बाजूनंही वाढली आहे. मंगळग्रह मंदिरातल्या मंगळवारच्या दर्शनासाठी सोमवारी रात्रीच येऊन थांबणारे लोक आता लांबलांबून येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रताप महाविद्यालयाच्या आवारात ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याच दिवसांत गावात विद्रोही संमेलनही झालं. त्याआधी १९५२ साली कृ. पां. कुलकर्णींच्या अध्यक्षतेखाली इथं संमेलन झालं होतं. अध्यक्षांची आणि निमंत्रित कवींची सोय होतेच. पदरच्या पैशानं पुस्तकं घ्यायला आलेला नांदेडचा किंवा चंद्रपूरचा वाचक कुठे झोपला, यावर संमेलनाच्या वृत्तांतात ओळ नसते. त्याच्यासारख्यांमुळे मंडप भरतो.

लॉजची आणखी एक बाजू अर्थशास्त्राची आहे, पण ती जिभेला कळते. या लॉजना बहुधा स्वतःचं स्वयंपाकघर नसतं. कलकत्त्यात मेसमध्ये राहणाऱ्या नोकरदारांच्या आधारानं पैशा-पैशाला भात-मासे वाढणारी ‘पाइस होटेल’ उभी राहिली. मुंबईत गिरणगावातल्या भाड्याच्या खोल्यांनी खानावळी जगवल्या. अमळनेरात तेच लहान मापात घडतं. मुक्कामाचा माणूस खाली उतरतो, शेवभाजी आणि कळण्याची भाकरी खातो, कांद्यावर लिंबू पिळून घेतो, पानाच्या टपरीवर उभा राहतो, सकाळी पोहे आणि दोनदा चहा. खोलीत सोडला त्याहून जास्त पैसा तो रस्त्यावर सोडतो, आणि तो पाच-सहा घरांत वाटला जातो. बायपासला उभी राहणारी झगमगीत हॉटेलं पाहुण्याला नाश्त्यासकट आतच ठेवून घेतात. तशी हॉटेलं नकोत असं नाही. पण गावाची प्रगती मोजताना तेवढीच मोजली जातात, आणि पेठेतली जुनी लॉज एकेक करून दुकानांचे गाळे होतात, तेव्हा पोह्यांच्या गाडीचं गिऱ्हाईक कुठं गेलं हे कुणी विचारत नाही.

खरी निकड मला बायकांच्या मुक्कामाची वाटते. भरतीच्या परीक्षेला दुसऱ्या तालुक्यातून एकटी आलेली मुलगी, दवाखान्यात भरती केलेल्या नवऱ्याच्या उशाशी जागा नाही म्हणून बाहेर पडलेली बाई, कापूस घेऊन आलेली विधवा शेतकरी. यांतल्या प्रत्येकीला आजही स्टँडवरचं बाकडं किंवा दूरच्या नात्यातलं घर, एवढंच सुचवलं जातं. राज्यातल्या अनेक बाजार समित्यांच्या आवारात शेतकरी निवास किंवा शेतकरी भवन बांधलेलं असतं. पाटीवरचं नाव पुरुषाचं नाही, पण आतली मांडणी पुरुषांसाठीच असते. तिथं बायकांसाठी चार खोल्या वेगळ्या काढणं, आतून लागणारी कडी, रात्रपाळीला एक बाई, आणि नगरपालिकेकडून पाणी अखंड येईल एवढी व्यवस्था, यांत पैशापेक्षा ठरावाची गरज आहे. परक्या गावातली पहिली रात्र इथल्या लोकांना नवी नाही. खानदेशातली हजारो कुटुंबं उधना, लिंबायत भागात जाऊन सुरतेची झाली आहेत. पहिल्या रात्री त्यांना तिथं कुणी, किती भाड्यात, काय विचारून जागा दिली, हे अमळनेरच्या जुन्या माणसांना अजून तपशिलानं सांगता येतं. बाजार समितीच्या पुढच्या सभेत त्यांनाच आधी बोलू द्यावं.